अपडेटमध्ये नसलेली ओळ

आमच्या ह्यांना सगळा बाजार फाइलबुवा म्हणतो. समोर मी 'अहो' म्हणते, माघारी मीही बुवाच म्हणते, तेव्हा इथेही बुवाच लिहीन. हे नाव शेजारच्या कुलूपवाल्याने ठेवलं. त्याचा फोन चार्ज होईना म्हणून तो आला, तर बुवांनी फोनला हात लावायच्या आधी त्या मॉडेलची पंचेचाळीस पानांची फाइल वाचायला घेतली. कुलूपवाला दीड तास स्टुलावर जांभया देत बसला. शेवटी बुवांनी टाचणीने चार्जिंगच्या भोकातला कापसाचा बोळा बाहेर काढला. "हे मला मघाशीच कळलं होतं," बुवा म्हणाले, "पण वाचल्याशिवाय हात कसा लावायचा?" कुलूपवाल्याने ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारभर केली.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद शेवटपर्यंत वाचून मग औषधच न घेणारा हा माणूस. मिक्सरबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचून त्यातल्या तीन चुका कंपनीला कळवणारा. फोनवर 'मला मान्य आहे' असं बटण येतं ना, आपण सगळे डोळे मिटून दाबतो ते? त्याच्या वरचा मजकूर अख्ख्या जगात एकच माणूस वाचत असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. इतर बायकांचे नवरे पेपर वाचतात.

आधी बुवा टीव्ही दुरुस्त करायचे. जाड पाठीचे टीव्ही गेले, चपटे आले, आणि चपटे बिघडले की लोक सरळ नवे घ्यायला लागले. मग बुवा फोनकडे वळले. दुकान आमचं लांबट आहे. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड एक खोली. काउंटर माझं, खोली त्यांची. ही वाटणी कुणी केली नाही, ती आपोआप झाली, कारण बुवांना बोलता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही. तावातावाने आलेल्या गिऱ्हाइकाला मी दोन मिनिटांत हसवून पाठवते. फोन मिळायला चार दिवस उशीर झाला तरी माणूस उलट माझीच चौकशी करून जातो. वेळ मारून नेण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मी अगदी अभिमानाने सांगायची.

खोलीत दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्ही जुने, दोन्हींवर लिनक्स नावाची सिस्टीम. कॉम्प्युटरचा काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि सगळे हुकूम कीबोर्डवरून टाइप करून द्यायचे. माउस कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. साधी सिस्टीम का घालत नाही म्हटलं तर म्हणतात, "यात काय चाललंय ते दिसतं."

फोनला अपडेट येतं म्हणजे नक्की काय येतं, हे मला या लग्नामुळे कळलं. एक गाठोडं येतं. ते सोडलं की आत दोन-चार चिठ्ठ्या निघतात आणि आणखी एक मोठं, घट्ट शिवलेलं गाठोडं. ते उसवलं की आत वीस-पंचवीस लहान गाठोडी. एक फोन सुरू करणारं, एक मुख्य सिस्टीमचं, एक कॅमेऱ्याचं, एक नेटवर्कचं. कुठलंही अपडेट आलं की बुवा ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतात, उसवतात, एकेक भाग फक्त वाचण्यापुरता उघडतात आणि मागच्या अपडेटशी ओळीला ओळ लावून पाहतात. काय बदललं, काय काढलं, काय गुपचूप आत घुसवलं, सगळं वहीत उतरवतात. आमच्याकडे फोटोंचे अल्बम दोन आहेत आणि या वह्या चौदा.

या उपद्व्यापाचं मी कितीही हसू करत असले तरी त्याच्यामुळेच बाजारात बुवांच्या शब्दाला किंमत आली. "बुवा, अपडेट घेऊ का?" असं लोक काउंटरवरून ओरडून विचारतात. पडद्यामागून "घ्या" आलं की घेतात, "थांबा" आलं की थांबतात. हा विश्वास त्यांनी एकेक ओळ वाचून मिळवला होता. मी त्याचा एका दुपारी जो वापर केला, तो लिहून काढायचा म्हणून बसले आहे. लाज वाटते, पण लिहिते.

पेंटरकाकांना आम्ही चेहऱ्याने ओळखत होतो. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. आता उजवा हात थरथरतो, ब्रश धरवत नाही. त्या सोमवारी ते दुकानात आले तेव्हा फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता. फोनवर कंपनीचं चिन्ह आलेलं, त्याच्या पुढे काही सरकत नव्हतं.

"काल मुलीनं अपडेट दाबलं," काका म्हणाले. "मी दाढी करत होतो. मला विचारलंही नाही. तेव्हापासून हा असा."

"होतं हो असं," मी म्हटलं. "आत महत्त्वाचं काही आहे का?"

काकांनी फोन काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "सातशे बारा पाट्या आहेत."

छापील फ्लेक्स आले आणि काकांच्या पाट्या एकेक करून उतरायला लागल्या, तेव्हा त्यांनी मुलीचा जुना फोन मागून घेतला होता आणि शहरभर पायी फिरून उरलेल्या सगळ्या पाट्यांचे फोटो काढले होते. एका घड्याळजीची पाटी, तिच्यातल्या प्रत्येक अक्षराची सावली वेगवेगळ्या वेळेची पडलेली. एका न्हाव्याची, तिच्या अक्षरांना कात्रीची टोकं. हे ते इतकं रंगून सांगत होते की काउंटरवरच्या धुळीत बोटाने वळण काढून दाखवलं, आणि बोट थरथरलं तसं पुसून टाकलं. त्यातल्या बहुतेक पाट्या आता भंगारात गेल्या आहेत. उरलं ते या फोनमध्ये.

"दुसरीकडे कुठे कॉपी केली नाही का?"

"मुलगी कानीकपाळी ओरडायची. मीच म्हणायचो, माझं माझ्याजवळ राहू दे."

बुवा आमचे क्वचित बाहेर येतात, ते त्या दिवशी आले. फोन हातात घेऊन पाहिला. म्हणाले, "सिस्टीम अडकलेली दिसते. फोटो बहुतेक शाबूत असतील. उघडल्याशिवाय सांगत नाही. उद्या दुपारी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेमका त्याच मॉडेलचा आणखी एक फोन आला. एका बाईंना तो विकायचा होता, आतलं सगळं पुसून हवं होतं. बुवांनी कंपनीचं सिस्टीम भरायचं पॅकेज उसवून, आहे तसं चालवून तो पुसून दिला. मग पेंटरकाकांचा घेतला. पॅकेज सकाळचंच होतं. त्यात एक हुकमांची फाइल असते, तीच एकामागून एक सगळे भाग फोनमध्ये भरते. बुवांनी ती सवयीप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात फोनमधला सगळा डेटा पुसणारी एक ओळ होती. त्यांनी फाइलची दुसरी प्रत केली, त्या प्रतीतली तेवढी ओळ बंद केली, पुन्हा वाचली, आणि चालवली. फोन सापडत नाही असं उत्तर आलं. केबल सैल होती.

केबल घट्ट बसवून बुवांनी तोच हुकूम परत द्यायला घेतला. त्या काळ्या पडद्यावर एक सोय आहे. कीबोर्डवरचा वरचा बाण एकदा दाबला की शेवटचा हुकूम आपोआप लिहून येतो, दोनदा दाबला की त्याच्या आधीचा. रोज शंभरदा बाण दाबायची सवय असलेल्या बोटाने त्या दिवशी तो एकदा जास्त दाबला. पडद्यावर सकाळच्या फोनचा, पुसायच्या ओळीसकटचा हुकूम आला. दोन्हींच्या नावात एका शब्दाचा फरक. आयुष्यभर मिक्सरचं पुस्तकसुद्धा वाचणाऱ्या माणसाने ती एक ओळ न वाचता एंटर मारलं.

मी जेवणाचा डबा घेऊन पडद्याआड गेले तेव्हा बुवा हात मांडीवर ठेवून बसले होते. पडद्यावर 'पुसलं' आणि त्याच्यापुढे 'ओके'.

"अहो, केबल ओढायची ना!"

"ओढली. तोवर झालं होतं."

"परत नाही आणता येणार?"

"नाही. आतलं सगळं कुलपात असतं, आणि पुसताना पहिल्यांदा किल्लीच जाते." मग ते उठले. "काका येतीलच. मी सांगतो त्यांना."

तेवढ्यात बाहेरून "आहे का कुणी?" असा काकांचा आवाज आला. बुवा पडद्याकडे निघाले. मी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं. "तुम्ही थांबा. तुम्हाला बोलता यायचं नाही," मी म्हटलं, आणि बाहेर गेले.

त्या चार पावलांत माझ्या मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. काकांना कमी दुःख व्हावं वगैरे काही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे आमचं दुकान होतं. कुलूपवाला ही गोष्टही संध्याकाळपर्यंत बाजारभर करणार, आणि उद्यापासून 'बुवा, घेऊ का?' विचारायला कुणी फिरकणार नाही, एवढंच.

"काका, अपडेटनंच घात केला हो," मी म्हटलं. आवाज असा लागला होता की मलाच खरं वाटावं. "आमच्याकडे आला तेव्हाच आत काही उरलं नव्हतं. ह्यांनी ती अपडेटची फाइल उघडून पाहिली. त्यात पुसायचं लिहिलेलंच होतं."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. "फाइलबुवांनी स्वतः वाचलं?"

"स्वतः वाचलं."

"मग तसंच असणार," काका म्हणाले. त्यांनी फोन ओंजळीत घेतला. दाराशी जाऊन वळले आणि म्हणाले, "आत सांगा, फार मेहनत घेतलीत माझ्यासाठी." मी हो म्हटलं. मी काहीतरी हसलेसुद्धा असेन, कारण गिऱ्हाईक जाताना हसायची मला सवय आहे.

पडद्याला कान असतात तसं तोंडही असतं. बुवा आतून ओरडू शकले असते, ओरडले नाहीत. पण त्यांच्यावर ढकलून माझं काही हलकं होत नाही. ते थिजून गेले होते आणि मी शुद्धीवर होते.

पुढचे चार महिने बुवांनी एकही अपडेट उसवलं नाही. पंधरावी वही आणली होती, ती कोरी राहिली. "बुवा, घेऊ का?" असा आवाज आला की पडद्यामागून "तुमचं तुम्ही बघा" एवढंच उत्तर यायचं. लोक म्हणाले, बुवांना गर्व झाला. बाणाची ती सोय त्यांनी दोन्ही कॉम्प्युटरांवरून काढून टाकली. कितीही लांबलचक हुकूम असो, एकेक अक्षर टाइप करायचे आणि एंटर मारायच्या आधी पुटपुटत वाचायचे. काम दुप्पट वेळ खायला लागलं.

दोनदा मला म्हणाले, "जाऊन सांगून येऊ."

"सांगून फोटो परत येणार आहेत का?" मी दोन्ही वेळा विचारलं. याला त्यांच्याजवळ उत्तर नसणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तर विचारायची.

आता याहून वाईट भाग सांगते. औषधाच्या दुकानातली बाई एकदा सहज बोलून गेली. पेंटरकाका मुलीशी बोलत नाहीत म्हणे. दोघंच माणसं, एका घरात राहतात, पण एक शब्द नाही. काही हवं असलं की काका कागदाच्या कपट्यावर लिहून टेबलावर ठेवतात. मुलगी गोळ्या घ्यायला येते ती तो कपटा घेऊनच. "इतक्या सुंदर पाट्या रंगवलेला माणूस," ती बाई म्हणाली, "आणि आता अक्षर असं, की मला गोळीचं नाव वाचता येत नाही. पोरीला विचारावं लागतं. तिनं अपडेट दाबलं ना, त्याचा राग."

मी माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि दुकानात परत आले. बुवांना यातलं एक अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते त्याच पावली निघाले असते, हे मला माहीत होतं. तीन आठवडे मी हे पोटात ठेवून काउंटरवर लोकांना हसवत होते.

मग एका मंगळवारी सकाळी काकांची मुलगीच दुकानात आली. तिशीच्या आतबाहेरची, खांद्याला जाड पट्ट्याची पिशवी. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते म्हणाली. कुणाची मुलगी तेही तिने सांगितलं.

"काकू, भांडायला नाही आले मी," ती म्हणाली. माझा चेहरा तिला दिसला असणार. "फाइलबुवांनी त्या अपडेटच्या फाइलमध्ये पुसायची ओळ वाचली, असं बाबांनी सांगितलं. शेवटचं तेवढंच बोलले ते माझ्याशी. ती ओळ मला बघायचीय."

"आता जुनं कशाला उकरून काढायचं, बाळा?"

"मी दाबलं हे मला मान्य आहे. पण मी काय दाबलं ते मला वाचायचंय. घरी रोज त्या कपट्यांवरचं वाचते, ते सहन होतं. पण आपण नक्की काय केलं हेच माहीत नाही, ते सहन होत नाही." तिने फोन काढून एक फोटो दाखवला. अपडेट आलं त्या सकाळी तिने बाबांच्या फोनचा काढलेला, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक त्यात स्पष्ट दिसत होता. "हीच फाइल. कुठं मिळते, कशी उघडायची, मला काही कळत नाही. फाइलबुवा उघडतील का?"

"आज ना, जरा कामाची गर्दी आहे," मी म्हटलं. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

पडद्यामागून बुवांचा आवाज आला. "आत ये."

मीही मागोमाग गेले. बुवांनी तिला स्टूल दिलं. क्रमांक बघून कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवायला लावली. त्याला पंचवीस मिनिटं लागली. एवढ्या वेळात मी चहा करून आणला, तिचा कप निवून साय धरली तरी तिने हात लावला नाही. फाइल आल्यावर बुवांनी तिचा ठसा, म्हणजे तिच्यावरून निघणारी आकड्या-अक्षरांची लांब ओळ, कंपनीने दिलेल्या ठशाशी अक्षरन् अक्षर जुळवला. "ही तीच फाइल आहे, वाटेत कुणी बदललेली नाही, याची खात्री," ते म्हणाले.

"आम्ही पण आधी बाटलीवरचा नंबर जुळवतो," मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला. तिच्यासारख्याच माणसाकडे ती आली होती. बुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग त्यांनी गाठोडं सोडलं. एकेक अक्षर टाइप करून, वाचून. चार महिन्यांत पहिल्यांदा. आतल्या चिठ्ठ्यांमधली एक त्यांनी उघडली. लहानशी, अकरा ओळींची. फोन कुठला, आवृत्ती कुठली, तारीख कुठली, असलं सगळं. बुवांनी अकराही ओळी मोठ्याने वाचल्या आणि प्रत्येकीचा अर्थ सांगितला.

"अपडेटला फोन पुसायचा असेल तर ते इथे लिहावं लागतं," बुवा म्हणाले. "पुसा, होय. अशी बारावी ओळ असते."

मुलीने पडद्यावर बोट टेकवून वरपासून खालपर्यंत मोजलं. "अकराच आहेत."

"हो."

"मग ती ओळ दुसऱ्या चिठ्ठीत असेल."

बुवांनी दुसरी चिठ्ठी उघडली. तिच्यात चार ओळी. मग मोठं गाठोडं उसवलं, सत्तावीस भागांची यादी पडद्यावर आणली. फोटो ज्या भागात राहतात त्याचं नाव त्या यादीत नव्हतंच. अपडेट त्या भागाला शिवतसुद्धा नाही, हे बुवांनी सांगितलं. मी दारातल्या पडद्याची कड मुठीत धरून उभी होते. या पोरीला आता कळेल, असं मला वाटत होतं. तिला कळत नव्हतं. तिचा आमच्यावर इतका विश्वास होता.

"म्हणजे मी नंबर चुकीचा टिपला," ती म्हणाली. "फाइल चुकीची आली, काका. तुम्ही तेव्हा वाचलेली वेगळी असणार."

"नंबर बरोबर आहे. तू दाबलंस ते हेच." बुवांनी कीबोर्ड बाजूला सारला. "तू काहीही पुसलं नाहीस. अपडेट मध्येच अडकलं, एवढंच झालं होतं. फोन माझ्याकडे आला तेव्हा पाट्या सगळ्या आत होत्या. पुसल्या माझ्या हातून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळचा दुसरा फोन, सैल केबल, बाण, न वाचलेली ओळ. बोलता न येणारा माणूस न अडखळता बोलला. आणि शेवटी म्हणाले, "अपडेटनं गेलं, हे खोटंही मीच सांगितलं."

मी तोंड उघडलं नाही. एवढी तोंडाळ बाई मी, आणि मूग गिळून उभी राहिले. ते माझ्यासाठी खोटं बोलत होते, जन्मात पहिल्यांदा, आणि मला आतून सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने त्या अकरा ओळी परत बोटाने मोजल्या. डोळे भरले ते दंडाला पुसले. मग म्हणाली, "हे छापून द्या. आणि माझ्याबरोबर चला. आत्ता. हे मी सांगितलेलं ते ऐकणार नाहीत."

भर सकाळी शटर ओढून आम्ही निघालो. कुलूपवाल्याने "काय हो, कुठं?" विचारलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

पेंटरकाकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर काचेच्या बरणीत ब्रश, केस वाळून खडखडीत झालेले. मुलगी म्हणाली, "बाबा, फाइलबुवा आलेत." काकांनी आमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. ती जणू खोलीत नव्हतीच. असं चार महिने रोज चाललं होतं, आणि मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते.

बुवा बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी परत सगळं सांगितलं आणि कागद काकांच्या हातात दिला. कागद हातात थरथरायला लागला, तसा काकांनी तो टेबलावर ठेवून तळव्याने दाबून धरला आणि वाचला. बुवा म्हणाले, "चूक माझी. खोटं बोललो तेही मीच. मुलीचा यात काही दोष नाही."

काकांनी चष्मा काढला. "खोटं तुम्ही नाही बोललात."

बुवा काही बोलणार होते. काकांनी हाताने थांबवलं.

"तुम्ही त्या दिवशी बाहेर आलाच नाहीत. मी दोनदा पडद्याकडे पाहिलं होतं. बोलल्या त्या ह्या." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "स्वतः वाचलं, म्हणालात."

"हो," मी म्हटलं. "मी बोलले, काका."

"कशासाठी?"

मला एरवी शंभर कारणं सुचतात. "दुकानासाठी," मी म्हटलं. मग उरलेलं होतं तेही सांगितलं. "आणि तुम्ही हिच्याशी बोलत नाही, हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं. तरी आले नाही."

हे बुवांनाही नवीन होतं. ते माझ्याकडे वळून पाहत होते, ते मला न बघता कळलं.

काका रागावले नाहीत. त्यांच्या तोंडून शिव्या ऐकायची माझी तयारी होती, एका अर्थी मला त्या हव्याच होत्या. ते खूप वेळ मुलीच्या पायांकडे बघत बसले. नजर वर न्यायला त्यांना जमत नव्हतं.

"रोज विचारायची ही," ते मला म्हणाले, "बाबा, जेवलात का. रोज. मी उत्तर दिलं नाही."

"असू दे बाबा," मुलगी म्हणाली.

"तुम्ही आता जा," काका आम्हाला म्हणाले. "मला हिच्याशी बोलायचंय. कुठून सुरुवात करायची मला कळत नाही, आणि ते तुमच्यासमोर शोधायचं नाही मला."

मुलीने दार उघडून धरलं, आम्ही बाहेर पडलो, तिने दार लावलं. मला त्यांची क्षमा मागायची होती. ती मागायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती, आणि ते बरोबर होतं.

जिना अरुंद होता. बुवा पुढे, मी मागे. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर ते मागे न बघता म्हणाले, "तू मघाशी पोरीसमोर बोलणारच होतीस. खोटं मीच सांगितलं असं म्हणून मी तुला अडवलं. मी घाई केली."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. आवाजात कुठे टोमणा नव्हता. चोवीस वर्षं माझं प्रत्येक बोलणं त्यांनी असंच न तपासता खरं धरलं आहे. मी नुसतं हुं म्हटलं असतं तर तेही खरं झालं असतं.

"नव्हते बोलणार," मी म्हटलं. "काकांनी माझ्याकडे पाहिलं नसतं तर मी तुमच्यावरच जाऊ दिलं असतं."

ते एका पायरीवर थांबले. मग कठड्याला धरून उतरत राहिले.